पोलोला अ‍ॅडजस्टेबल सस्पेन्शन बसवलं, आता आईला मागे बसवत नाही. सेटिंग कसं करावं?

माचीवरचा

मंडळी, जरा सविस्तर लिहितो, कारण हा गुंता मला एकट्याला सुटेना.

गाडी पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर. राहतो पुण्यात, सिंहगड रस्त्याला. सत्तर हजार किलोमीटरला मूळचे शॉकअप बसले, उजव्या पुढच्याने तर तेल सोडलं होतं. बदलायचेच आहेत तर उंची आणि कडकपणा दोन्ही हाताने बदलता येईल असा पूर्ण संच टाकावा, अशी कित्येक वर्षांची इच्छा होती. ती पुरी केली. पुढे ४ किलो प्रति मिमीच्या (एक मिमी दाबायला ४ किलो वजन लागणाऱ्या) स्प्रिंगा, चारही शॉकअपना कडकपणा बदलायचे ३२ क्लिकचे नॉब.

गॅरेजवाल्यांनी बसवताना गाडी पुढून ४५ आणि मागून ४० मिमी खाली घेतली. दिसते सुंदर. गुळगुळीत रस्त्यावर स्टिअरिंग फिरवलं की लगेच वळते, अजिबात झुकत नाही. पण रस्ता जरा उखडलेला असला की आपटते. गतिरोधकावर तर खालून हातोडा मारल्यासारखा आवाज येतो.

गेल्या रविवारी आईला घेऊन वाईला आत्याकडे गेलो. आई ७१ वर्षांची, मणक्याचा त्रास आहे. खंबाटकी चढायच्या आधीच तिने गाडी थांबवायला लावली. परतीच्या वेळी म्हणाली, तू गाडी घेऊन ये, मी एसटीने येते. ते मनाला फार लागलं.

गॅरेजमध्ये विचारलं तर "स्पोर्ट्स आहे, असंच असतं, सवय होईल" एवढंच उत्तर. मला दोनच गोष्टी हव्यात: आईने मागच्या सीटवर निवांत बसावं आणि पसरणी घाटातली मजाही राहावी. हे दोन्ही एका गाडीत जमतं का, की सगळं काढून मूळचे शॉकअप बसवू?

फिरस्ती

काढू नका. आधी दोन गोष्टी सांगा. टायरमध्ये हवा किती आहे? आणि नॉब आत्ता कितव्या क्लिकवर आहेत? "मधोमध असतील" असं नको, मोजून सांगा. नॉब घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलक्या हाताने शेवटपर्यंत फिरवा, म्हणजे पूर्ण कडक. जाताना किती क्लिक वाजले ते मोजा. शेवटाला जोर लावू नका, आतली सुई खराब होते.

माचीवरचा

आत्ताच पार्किंगमध्ये जाऊन बघून आलो. पाहून हात कपाळाला लावला.

हवा चारही टायरना ३८ पीएसआय. पेट्रोलच्या झाकणामागच्या स्टिकरपेक्षा बरीच जास्त.

क्लिक पूर्ण कडकपासून मोजले: पुढचा डावा ६, पुढचा उजवा ११. मागचे दोन्ही ४. म्हणजे मागची बाजू जवळजवळ पूर्ण आवळलेली, आणि पुढे डावं-उजवंसुद्धा सारखं नाही.

फिरस्ती

मग सस्पेन्शन वाईट आहे असं आताच म्हणता येणार नाही. त्याचं सेटिंग अजून झालेलंच नाही. गाडी थंड असताना हवा स्टिकरप्रमाणे करा. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे आणि खड्ड्याच्या कडेची पहिली टक्कर तोच झेलतो.

डोंगरदऱ्या

गाडी थोडी वर घेतली तर आपटणं थांबेल असं कोणी सांगेल, पण तो मार्ग धरू नका. कॉलर, म्हणजे स्प्रिंगखालची आट्यांची कडी, वर फिरवली की स्प्रिंग आधीच दाबली जाते, म्हणजे गाडी अजून कडक होणार. माझ्या बाईकला प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा हा आधीचा दाब, वाढवला की कडकच लागते, हा माझा अनुभव आहे.

जुना_गाडीवान

डोंगरदऱ्या, हा गैरसमज जुना आहे, आमच्या घरातही होता. वडिलांची अँबॅसिडर होती. तिला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी, मागे पाटे. दहा-बारा वर्षांत नाक खाली आलं, तेव्हा मिस्त्रींनी बारची पकड फिरवून गाडी पुढून वर घेतली. वडील घाबरले, म्हणाले, पीळ वाढवलात, आता धक्के बसतील. मिस्त्री म्हणाले, साहेब, गाडीचं वजन तेवढंच आहे, तर पीळही तेवढाच राहणार, फक्त उभी राहायची जागा बदलली. गाडी उलट मऊ झाली, कारण आधी खाली बसल्यामुळे ती सारखी रबरावर आदळत होती.

माचीवरचा, तुमच्या गाडीचंही मला तेच वाटतंय. शॉकअपच्या रॉडवरचं ते रबर, म्हणजे बंप स्टॉप, बघा.

रानजाई

गाडीवानकाका, मिस्त्रींनी नेमकं सांगितलं होतं. मी गाड्यांच्या चाचणीच्या कामात आहे, तेव्हा आकड्यांत मांडते. बाईकवाल्यांचा गोंधळ इथेच होतो.

पोलोच्या पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने पेललेलं वजन चालकासह साधारण ३१० किलो धरू. स्प्रिंग ४ किलो प्रति मिमी, म्हणजे ती जवळपास ८० मिमी दबेल. कॉलर १० मिमी वर घेतली तरी स्प्रिंग ८० मिमीच दबणार, कारण वजन बदललेलं नाही. गाडी तेवढी वर येईल. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेत आणि वेढ्यांत असतो, कॉलरमध्ये नसतो. बाईकला कडक वाटतं त्याचं कारण वेगळं आहे. तिथे गाडी वर येते आणि चाकाला खाली सुटायला जागा उरत नाही, त्यामुळे शॉकअप वरच्या टोकाला ठोकतो.

आता मुख्य मुद्दा. पोलोचा पुढचा शॉकअप खाली चाकाच्या नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, पकडलेला असतो, म्हणून अशा संचांत उंची कॉलरनेच बदलते. गाडी ४५ मिमी खाली घेतली की शॉकअपची वर दबायची जागाही जवळजवळ तेवढीच कमी होते. स्प्रिंग कितीही मऊ असो, जागाच नसेल तर रॉड बंप स्टॉपवर जाणार, आणि त्या क्षणी स्प्रिंग चारऐवजी कित्येक पट कडक झाल्यासारखी वागते. माझ्या पाहण्यात सोई बिघडण्याचं हे पहिलं कारण आहे. लोक मात्र दोष स्प्रिंगला देतात आणि नॉब फिरवत बसतात.

तपासणं सोपं आहे. धुळीचं आवरण वर सरकवून पिस्टन रॉडला प्लॅस्टिकची केबल पट्टी आवळा आणि शॉकअपच्या तोंडाशी टेकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारा. पट्टी कुठवर सरकली तेवढी चाल वापरली गेली. बंप स्टॉपच्या आत गेली असेल तर गाडी आदळते आहे.

नॉबविषयी दुसऱ्या प्रतिसादात लिहिते, नाहीतर हा फार लांबेल.

डोंगरदऱ्या

८० मिमीचा हिशोब वाचून पटलं. माझा मुद्दा मागे घेतो. बाईकचा सॅगही, म्हणजे वजनाने ती किती खाली बसते तेही, परत मोजून बघतो.

रानजाई

कडक शॉकअप सोईचा का नसतो, हे समजून घेतलं की निम्मं सेटिंग झालं.

पुढच्या चाकाशी स्प्रिंगचा कडकपणा साधारण ३.६ किलो प्रति मिमी पडतो. चाकाची आणि स्प्रिंगची हालचाल सारखी नसते, त्या प्रमाणाचा वर्ग धरावा लागतो. त्यावरून गाडीचा पुढचा भाग सेकंदाला १.७ वेळा हेलकावेल, म्हणजे १.७ हर्ट्झ. साध्या घरगुती गाड्या १ ते दीडच्या दरम्यान असतात. म्हणजे हा संच घट्ट आहे, पण असह्य मुळीच नाही.

शॉकअपचं काम हे हेलकावे मारण्याचं. ते तो करतो. पण हेलकाव्याच्या साधारण १.४ पटीच्या वर, म्हणजे इथे २.४ हर्ट्झच्या वरच्या धक्क्यांना तोच शॉकअप दांड्यासारखा सरळ सीटपर्यंत पोचवतो, आणि जितका कडक तितका जास्त. एक्स्प्रेसवेचं काँक्रीट घ्या. सांधे साडेचार मीटरवर असतील आणि वेग ताशी १०० असेल, तर सेकंदाला सहा ठोके बसतात. बसलेल्या माणसाच्या पोटापाठीला उभ्या दिशेने ४ ते ८ हर्ट्झचेच धक्के सगळ्यात जास्त जाणवतात. मागचे नॉब ४ वर असताना आईंच्या मणक्यात नेमके तेच जात होते.

म्हणून सोईच्या सेटिंगचा माझा नियम असा: हेलकावे थांबतील एवढाच शॉकअप आवळायचा, त्यापुढे एक क्लिकही नाही.

मागच्या सीटसाठी आणखी एक. गतिरोधकावर आधी पुढची चाकं चढतात, मग मागची. पोलोच्या दोन चाकांतलं अंतर सुमारे २.४७ मीटर, म्हणजे ताशी ६० ला मागचं चाक ०.१५ सेकंद उशिरा उसळतं. मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जलद हेलकावली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी पाळण्यासारखी पुढेमागे न डुलता सपाट वरखाली होते. मॉरिस ओली या इंग्रज इंजिनिअरने १९३० च्या दशकात अमेरिकेत, जनरल मोटर्समध्ये, गाडीवर वजनं पुढेमागे सरकवून हे शोधलं. मला त्या कामाबद्दल अतिशय आदर आहे. पण हे काम स्प्रिंगचं आहे. शॉकअप आवळून मागची बाजू "जलद" होत नाही, ती फक्त अडकते.

नेकारकाठ

मी स्टुटगार्टला असते, गाडी गोल्फ. इथे असा संच बसवला की तपासणी करून कागदपत्रांत नोंद करावीच लागते, आणि संचाच्या प्रमाणपत्रात किती मिमीपर्यंत खाली घेता येईल ती मर्यादा लिहिलेली असते. सुरुवातीला मला ती कटकट वाटली होती, आता वाटत नाही. तुमच्या संचाच्या पुस्तिकेतही ती मर्यादा बघा. बहुतेक ४५ तिच्या टोकाला असेल. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, तेही वाचून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा.

दुसरं, आटे. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, माझ्या कॉलर दोन वर्षांत जाम झाल्या होत्या. कोकणात वरचेवर जात असाल तर खारी हवा तेच करते. फिरवण्याआधी आटे ब्रशने धुवा, मगच सी-पाना लावा. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, घोडी लावाच.

माचीवरचा

काय सांगू! पट्टी लावून नऱ्ह्यापर्यंत जाऊन आलो. गाडी उभी असताना पुढच्या रॉडला बंप स्टॉपपर्यंत फक्त १२ मिमी जागा होती. परत आलो तेव्हा दोन्हीकडच्या पट्ट्या रबरात रुतलेल्या. म्हणजे दोन आठवडे आम्ही रबरावरच फिरत होतो.

सोसायटीतले एक काका म्हणाले, बंप स्टॉप कापून अर्धा कर. करू का?

रानजाई

नको. तो फेसाचा तुकडा शेवटची स्प्रिंग आहे. कापलात तर लोखंडावर लोखंड आदळेल आणि शॉकअपच्या आतली झडप जाईल. संच बनवणाऱ्याने पुस्तिकेत कापायला सांगितलं असेल तरच, आणि सांगितलं तेवढंच.

गाडी वर घ्या. पुढून मूळ उंचीपेक्षा २० मिमी खाली, मागून १५. एवढ्याने लोअर आर्मही, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडाही, पुन्हा बाहेरच्या टोकाला खाली झुकेल. तो आडवा किंवा उलटा झाला की वळणात गाडी ज्याभोवती झुकते ते केंद्र गाडीपेक्षा जास्त वेगाने खाली जातं आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढतं. खाली घेतलेली गाडी वळणात चांगलीच असते, असं नाही.

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे टायरची हवा मध्ये येत नाही. अर्धी टाकी पेट्रोल, चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाची तांदळाची पोती. जॅकवरून उतरवल्यावर गाडी दहा-वीस मीटर पुढेमागे ढकला, मगच टेप लावा, नाहीतर टायर आत ओढलेले राहून आकडा चुकतो.

आणि हे कृपया विसरू नका. लोअर आर्मच्या आणि मागच्या बीमच्या (दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) रबरी बुशांचे बोल्ट ढिले करून, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच पुन्हा आवळून घ्या. रबरी बुश आवळलेल्या जागी चिकटून पिळला जातो. चाकं लोंबकळत असताना आवळले असतील, आणि बहुतेक गॅरेजमध्ये असंच होतं, तर बुश कायम पिळलेला राहतो, स्वतःच स्प्रिंगसारखा ढकलतो आणि काही महिन्यांत फाटतो.

त्यानंतर अलाइनमेंट. मागे बीम आहे, तिथे बदलण्यासारखं काही नाही. पुढचा कॅम्बरही, म्हणजे चाकाचा उभा कल, पोलोला फारसा बदलत नाही, सबफ्रेम (खालची चौकट) थोडी सरकवून डावं-उजवं सारखं करून घ्या. टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते, मात्र नीट करून घ्या. हेडलाइटचा झोतही तपासा, समोरच्याच्या डोळ्यांवर जायला नको.

माचीवरचा

शनिवारचा पूर्ण दिवस गेला, पण मनासारखं काम झालं. दुसरं गॅरेज शोधलं, मालकांनी मला शेजारी उभं राहू दिलं. बुश रानजाईताईंनी सांगितल्याप्रमाणेच आवळले. एक आर्मचा बोल्ट ढिला केला तेव्हा "टक्" असा मोठा आवाज आला आणि आर्म स्वतःहून थोडा फिरला. किती पिळलेला होता ते डोळ्यांनी पाहिलं.

आता बंप स्टॉपपर्यंत पुढे ३७ मिमी जागा आहे. हवा स्टिकरप्रमाणे. नॉब अजून जुन्याच ठिकाणी. तरी आपटणं निम्म्याहून कमी झालं! आता नॉब कसे फिरवू?

रानजाई

वही काढा. घराजवळचा तीन-चार किलोमीटरचा एक ठरावीक पट्टा निवडा. त्यात एक रुंद गतिरोधक, थोडा उखडलेला भाग आणि एक लांब वळण हवं. रोज तोच पट्टा, तोच वेग, गाडीत तेवढीच माणसं.

पहिल्या दिवशी चारही नॉब पूर्ण मऊ करून हळू चालवा. दुसऱ्या फेरीला पूर्ण कडक. ही दोन टोकं अंगाला कळली पाहिजेत, नाहीतर मधलं काही ओळखता येत नाही. मग पूर्ण कडकपासून २४ वर या आणि तिथून चार-चार क्लिकने आवळत या. जवळ आलात की दोन, शेवटी एक. एका वेळी फक्त पुढची जोडी किंवा फक्त मागची. डावं-उजवं नेहमी सारखं.

अशा एक नॉबच्या शॉकअपमध्ये बहुतेक वेळा सुटायच्या दिशेचा, म्हणजे स्प्रिंग उलगडतानाचा विरोध जास्त बदलतो. खुणा लक्षात ठेवा. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी वर येऊन परत खाली आणि परत वर जात असेल, तर फार मऊ. एकदाच वर येऊन जागेवर बसली की बरोबर. एकामागोमाग खड्ड्यांत गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि प्रत्येक पुढचा खड्डा आधीच्यापेक्षा जोरात लागतो, तर फार कडक. चाकाला खाली सुटायला वेळच मिळत नाही. तुमच्या मागच्या बाजूचं हेच होत होतं.

वळणाबद्दलही सांगते. शॉकअप फक्त गाडी झुकत असते तेवढ्या वेळापुरतं बोलतो. एकदा झुकून स्थिर झाली की पुढचं सगळं स्प्रिंग, अँटी-रोल बार (झुकणं रोखणारी दांडी) आणि टायर ठरवतात. त्यामुळे लांब वळणात नाक बाहेर ओढत असेल तर नॉब फिरवून सुटणार नाही. वळणात शिरतानाचा आळस मात्र पुढचे एक-दोन क्लिक आवळून जातो.

सह्यपाऊस

विचारतोच. माझी स्विफ्ट आहे, असाच संच. जूनपासून ताम्हिणीत दर पंधरवड्याला जाणं असतं. पावसाळ्यासाठी वेगळं सेटिंग ठेवावं का?

रानजाई

हो. ओल्या रस्त्यावर चाक रस्त्याला सतत चिकटून राहणं सगळ्यात महत्त्वाचं. चारही बाजू तीन-चार क्लिक मऊ करा, मागची थोडी जास्त. पुढचाकी ओढीच्या गाडीला मागे वजन कमी असतं. मागचा शॉकअप कडक असेल तर उतारावरच्या ओल्या वळणात मागचं चाक उचलल्यासारखं होतं आणि शेपूट निसटते. आधी टायरची नक्षी तपासा, नॉब त्यानंतर.

जुना_गाडीवान

गतिरोधकांबद्दल एक भर घालतो. भारतीय रस्ते परिषदेच्या नियमाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, ताशी २५ च्या वेगासाठी. आपल्या गल्ल्यांतले बरेचसे अर्ध्या मीटरचे अरुंद उंचवटे असतात. त्यावर कोणतंही सेटिंग चालत नाही, तिथे वेगच उतरवायचा. चाचणीसाठी रुंद गतिरोधकच धरा, अरुंदावर फसगत होते.

माचीवरचा

अकरा दिवस, नऊ फेऱ्या. वहीतलं जसंच्या तसं लिहितो.

सगळे पूर्ण मऊ: गतिरोधकानंतर तीन हेलकावे, ब्रेक मारला की नाक खाली. पूर्ण कडक: बाटलीतलं पाणीसुद्धा थरथरत होतं. २४: दीड हेलकावा. २०: एकदा वर आणि शांत, पण वळणात शिरताना किंचित आळस. पुढे १६: वळण छान, पण उखडलेल्या भागात हाताला चरचर. पुढे १८: दोन्ही चालतं. मागे २०: चालकाच्या सीटवरून ठीक, पण मी स्वतः मागच्या सीटवर बसून बायकोला चालवायला लावलं तेव्हा कंबरेला ठोके. मागे २३: गेले.

मागे स्वतः बसून बघण्याची कल्पना बायकोची. चालकाच्या सीटवरून मला मागचं काहीच कळत नव्हतं.

सध्या पुढे १८, मागे २३. काल आईला घेऊन पुन्हा वाई. खंबाटकीच्या चढावर ती आत्याशी फोनवर बोलत होती, थांब म्हणाली नाही. वाईहून पुढे पाचगणीला जाऊ या, हे तिनेच सुचवलं. पसरणीत तिला सोडून एकट्याने जाण्याचा विचारही आला नाही. बेताच्या वेगात गेलो, आणि तरीही गाडी प्रत्येक वळणात सांगेल तिथे गेली.

एकच शंका उरली. दिवाळीत पाच माणसं आणि सामान घेऊन कोल्हापूरला जायचंय. तेव्हा मागे काय करू?

रानजाई

वाचून फार बरं वाटलं. मागे स्वतः बसून बघितलंत हे उत्तम केलंत.

पाच जणांना मागे हवा स्टिकरवर पूर्ण वजनासाठी दिली असेल तेवढी भरा. वजन वाढलं की हेलकावे संथ आणि मोठे होतात, म्हणून मागचे नॉब दोन-तीन क्लिक आवळा, २० किंवा २१. उंचीला हात लावू नका. निघायच्या आधी मागच्या रॉडलाही पट्टी लावा आणि साताऱ्याला चहाला थांबाल तेव्हा बघा. रबरात गेली असेल तर एक बॅग टपावर न ठेवता घरी ठेवा. परत आलात की २३, वहीत तारीख टाकून.